तास जातात कुठे? परदेशातून कोल्हापूरला पोचण्याचा हिशेब

निरोप पोचायला आता काही सेकंद पुरतात. माणूस पोचायला मात्र अजून दीड दिवस लागतो. कोल्हापुरात पहाटे चारला आजीनं डोळे मिटले, की सव्वाचारला न्यू जर्सीतल्या नातवाचा फोन वाजतो. तिथे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते, तो ऑफिसातून नुकताच निघालेला असतो. रडं आवरायच्या आत इकडून प्रश्न जातो, "कधीपर्यंत पोचशील? थांबायचं काय?"

बहुतेक जण या प्रश्नाला विमानाच्या तासांत उत्तर देतात. "पंधरा तासांचं विमान आहे, उद्या रात्रीपर्यंत येतोच." घरचे त्या भरवशावर थांबतात, पाहुणे थांबतात, बर्फ मागवला जातो. उद्याची रात्र उलटते आणि मुलगा अजून लोणावळ्यात असतो. यात कुणी खोटं बोललेलं नसतं. हिशेबच चुकीच्या जागेपासून धरलेला असतो.

म्हणून आधी एक हिशेब नीट मांडू. लंडनहून मुंबईचं थेट विमान साधारण नऊ तासांचं. पण बातमी आल्यावर साहेबाशी बोलून, तिकीट शोधून, बॅग भरून घराबाहेर पडेपर्यंत तीन-चार तास जातात. घरापासून हीथ्रोपर्यंत तास-दीड तास. विमानाच्या तीन तास आधी तिथे हजर राहायचं. मुंबईत उतरल्यावर रस्त्यावर येईपर्यंत दीड ते दोन तास. तिथून कोल्हापूर पावणेचारशे किलोमीटरच्या पुढे, मोटारीनं आठ-नऊ तास. बेरीज सत्तावीस-अठ्ठावीसवर जाते आणि यात विमानाची वाट बघण्याचे तास धरलेलेच नाहीत. विमान सकाळी गेलं असेल आणि पुढचं रात्री असेल, तर ते वेगळे. म्हणजे प्रत्यक्ष हवेतला वेळ एकूण प्रवासाचा तिसरा हिस्सा. दुबईचं तर आणखी गमतीचं: विमान तीन तासांचं, पण दाराबाहेर पडल्यापासून घरच्या उंबऱ्यापर्यंत सोळा-सतरा तास सहज. न्यूयॉर्कहून थेट आलं तरी चौतीस-पस्तीस तास धरावेत. कॅलिफोर्नियाहून चाळीस.

ऊस खाताना दात अडतो तो पेरावर. या प्रवासातही उशीर होतो तो सांध्यांवर: कागदांच्या, तिकिटांच्या, टर्मिनलच्या आणि सर्वांत जास्त मुंबई-कोल्हापूरच्या.

पहिला सांधा घराबाहेर पडायच्या आधीच असतो. ज्याच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे त्याला भारतात यायला कुणाची परवानगी लागत नाही, पण जिथून निघायचं तिथल्या अटी असतात. सौदी अरेबियात नोकरी करणाऱ्याला बाहेर पडून परत यायचं तर एक्झिट-रीएन्ट्री व्हिसा लागतो आणि घरगुती कामावरच्या माणसाचा तो मालकामार्फत होतो. असा मालक शुक्रवारी फोन उचलत नसेल तर माणूस रियाधमध्ये बसून राहतो. जहाजावर नोकरी करणाऱ्याला पुढचं बंदर येईपर्यंत उतरताच येत नाही आणि उतरला तरी बदली माणूस यावा लागतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याकडे ओसीआय कार्ड असेल तर चिंता नाही. पण मुलांची कार्डं काढायची राहिलेली असतात, असा अनुभव घरोघरी आहे. भारतीय वकिलाती मृत्यू किंवा गंभीर आजारासाठी तातडीचा व्हिसा देतात. त्यासाठी हॉस्पिटलचं पत्र किंवा मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा मागतात. म्हणून इकडच्या माणसाचं पहिलं काम कोणतं, तर डॉक्टरांकडून लेटरहेडवर दोन ओळी लिहून घेणं आणि त्याचा नीट फोटो काढून पाठवणं. हा कागद सकाळी नऊला गेला की अकराला, यावर तिकडचा अख्खा दिवस अवलंबून असतो.

अमेरिकेतल्यांचं दुखणं निराळं. एच-वन-बीवर राहणाऱ्याच्या पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का संपलेला असेल, तर त्याला निघता येतं; प्रश्न परतीचा असतो. परत जाण्याआधी इथल्या अमेरिकन वकिलातीत, म्हणजे बहुधा मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात, नवा शिक्का घ्यावा लागतो. ती तारीख कधी मिळेल हे त्याच्या हातात नसतं. तिकडे घराचे हप्ते, मुलांची शाळा, नोकरी लोंबकळते. "बाप गेला तरी आला नाही" असं तिसऱ्या गल्लीतून सहज म्हटलं जातं. म्हणणाऱ्यांनी हा शिक्का कधी पाहिलेला नसतो.

दुसरा सांधा तिकिटाचा. घाईत माणूस स्वस्त आणि लवकर दिसेल ते घेतो: लंडन-दोहा एका कंपनीचं, दोहा-मुंबई दुसरीचं, मुंबई-कोल्हापूर तिसरीचं. पडद्यावर सगळं जुळलेलं दिसतं. पण विमान कंपनीच्या लेखी ही तीन वेगळी गिऱ्हाइकं आहेत. पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरखाली असेल, तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकलं तरी पुढच्या विमानात बसवून देणं कंपनीची जबाबदारी राहते. तिकिटं वेगळी असतील, तर चुकलेल्या विमानाचे पैसे बुडाले आणि नवं तिकीट त्या क्षणीच्या भावानं. अशा प्रवासाला एकच तिकीट घ्यावं, थोडं महाग पडलं तरी. मधला थांबा तासाभराचा नसावा, निदान अडीच-तीन तासांचा असावा. थांबा जितका आखूड तितकं लवकर पोचू, हा हिशेब एरवी चालतो; पुढचं विमान चोवीस तासांनी असेल तेव्हा अंगलट येतो.

सामानाबद्दलही इथेच सांगून टाकतो. निरोपाला येणाऱ्यानं फक्त हातातली बॅग घ्यावी. कोल्हापुरातल्या घरात कपडे मिळतात. मुंबईत सामानाच्या पट्ट्यापाशी पाऊण तास उभं राहायचं टळतं, आणि मध्ये विमान बदललं तर बॅग मागे राहण्याचा प्रश्नच उरत नाही.

आता विमानाला उशीर का होतो ते. प्रवाशाला वाटतं, आपलं विमान म्हणजे गेटवर उभं असलेलं ते. वास्तविक ते विमान सकाळपासून दोन-तीन शहरं करून आलेलं असतं. सकाळी कुठे तरी धुक्यात पाऊण तास गेला, तर तो दिवसभर पुढे ढकलला जातो आणि वाढत जातो. त्यात वैमानिकांच्या कामाच्या तासांना कायद्यानं मर्यादा असते. विमान सज्ज, हवा चांगली, प्रवासी बसलेले, आणि वैमानिकाची वेळ संपली, तर दुसरा येईपर्यंत विमान हलत नाही. लोक आरडाओरडा करतात, पण सतरा तास जागा असलेल्या वैमानिकानं आपल्याला न्यावं असं खरं तर कुणालाच वाटत नसतं.

त्याहून मोठा उशीर आकाश बंद झाल्यामुळे होतो. 24 एप्रिल 2025 ला पाकिस्ताननं भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली. तिकडच्या वाटेनं जाणाऱ्या भारतीय कंपन्यांच्या विमानांना वळसा पडू लागला आणि उत्तर अमेरिकेच्या काही विमानांना व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरावं लागलं. त्याच वर्षी 23 जूनला कतारनं काही तास आपलं आकाश बंद केलं, आणि दोह्यावरून येणारे-जाणारे जगभर जिथल्या तिथे अडकले. आखाती शहरांतून विमान बदलून येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. तिकीट काढताना भाव पाहतो तशी त्या दिवशीची बातमीही पाहावी.

युद्धामुळे घरची वाट बदलणं कोल्हापूरला नवं नाही. 1870 च्या उन्हाळ्यात कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडला गेले, तेव्हा ते वीस वर्षांचे होते. हे राजाराम महाराज म्हणजे राजर्षी शाहूंच्या आधीचे. शाहूंचे पुत्र राजाराम महाराज निराळे. सोबत कॅप्टन एडवर्ड वेस्ट हे इंग्रज अधिकारी होते. महाराज स्वतः इंग्रजीत रोजनिशी लिहीत. सुएझ कालवा नोव्हेंबर 1869 मध्ये नुकताच खुला झालेला, मुंबई ते इंग्लंड समुद्राखालची तारही 1870 मध्येच पुरी झालेली. म्हणजे निरोप माणसाच्या खूप पुढे धावू लागण्याचा तो काळ.

परतीच्या वेळी युरोप पेटलेला होता. फ्रान्स आणि प्रशिया यांचं युद्ध जुलैत सुरू झालं, सप्टेंबरात पॅरिसला वेढा पडला. इंग्लंडहून हिंदुस्थानला येणाऱ्यांची नेहमीची वाट फ्रान्समधून मार्सेय बंदराकडे जाई. ती बंद पडल्यासारखीच होती. इंग्रजांचं टपालसुद्धा त्या हंगामात इटलीच्या ब्रिंदिसी बंदराकडे वळवलं गेलं. महाराजांचा ताफा बेल्जियम, जर्मनी करत आल्प्स ओलांडून इटलीत उतरला. वाटेत महाराजांची प्रकृती ढासळली आणि 30 नोव्हेंबर 1870 ला फ्लॉरेन्समध्ये त्यांचा मृत्यू झाला. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती आणि दहन ही तिथे चालणारी गोष्ट नव्हती. खास परवानगी काढावी लागली. शहराच्या पश्चिमेला कासिने उद्यानाच्या टोकाशी आर्नो नदीला मुन्योने नावाचा ओढा मिळतो. त्या संगमावर, रात्रीच, सोबतच्या माणसांनी हिंदू रीतीनं महाराजांना अग्नी दिला. कोल्हापूरचं कुणी पोचण्याची शक्यताच नव्हती. जे हजर होते त्यांनी केलं.

त्या जागी 1874 मध्ये स्मारक झालं. छत्रीखालचा रंगीत अर्धपुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या शिल्पकाराचा, आणि छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडाही याच मँटनी केला. 1978 मध्ये जवळच आर्नोवर मोठा पूल उभा राहिला, त्याला फ्लॉरेन्सचे लोक 'पोन्ते आल इंडियानो' म्हणतात, म्हणजे त्या हिंदी माणसाजवळचा पूल. रोजनिशी वेस्ट यांनी संपादून 1872 मध्ये लंडनला छापली. कोल्हापूरचं राजाराम कॉलेज महाराजांच्याच नावाचं, 1880 चं. कॉलेजच्या आवारात रोज वावरणाऱ्या किती पोरांना हे माहीत असतं, कोण जाणे.

आता तिसरा सांधा, मुंबई. भारतात ज्या विमानतळावर पहिलं पाऊल पडतं, तिथेच साधारणपणे इमिग्रेशन आणि सीमाशुल्क उरकावं लागतं. पुढे देशांतर्गत विमान असलं तरी बॅग उचलून पुन्हा द्यावी लागते. ज्याचं येणं-जाणं वारंवार असतं, त्यानं 'फास्ट ट्रॅक इमिग्रेशन'ची नोंदणी करून ठेवावी. भारतीय नागरिक आणि ओसीआयधारकांना तिच्यामुळे रांगेऐवजी स्वयंचलित फाटकातून जाता येतं. जून 2024 मध्ये दिल्लीत आणि जानेवारी 2025 मध्ये मुंबईसह आणखी काही शहरांत ती सुरू झाली. नोंदणी आधी करावी लागते, हीच तिची मेख. बातमी आल्यावर उपयोग नाही.

मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. एवढ्या मोठ्या शहराची सगळी विमानं जवळजवळ एका पट्टीवर चालतात. जुलैत धो धो पाऊस आला की विमानं वर घिरट्या घालतात, इंधन कमी झालं की अहमदाबाद किंवा हैदराबादला वळतात. परदेशी विमान असं वळलं तर प्रवाशांना सहसा आतच बसवून ठेवतात आणि पाऊस ओसरल्यावर परत मुंबईत आणतात. चार तास त्यात गेले म्हणून समजा.

परदेशी विमान उतरतं ते सहारला, टर्मिनल दोनवर. पुढचं देशांतर्गत विमान सांताक्रूझच्या टर्मिनल एकवरून असू शकतं. दोन्हींमध्ये रस्त्यानं चार-पाच किलोमीटर आणि पावसात अर्धा-पाऊण तास. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळही देशांतर्गत उड्डाणांसाठी चालू झाला. तिकिटावर 'मुंबई' एवढंच वाचून थांबू नये, कोणता विमानतळ आणि कोणतं टर्मिनल तेही वाचावं.

इथून पुढचे पावणेचारशे किलोमीटर हा सगळ्या प्रवासातला सर्वांत बेभरवशाचा भाग. महासागर ओलांडून माणूस वेळेवर येतो आणि बोरघाटात अडकतो.

विमानाचं बघू. उजळाईवाडीचा विमानतळ राजाराम महाराजांनी, म्हणजे शाहूपुत्रांनी, 1939 मध्ये सुरू केला. मधली कित्येक वर्षं तो नावापुरताच होता; 'उडान' योजनेखाली 2018 मध्ये नियमित विमानं पुन्हा आली, मार्च 2024 मध्ये नवं टर्मिनल झालं. येणारी विमानं पन्नास-पंचाहत्तर आसनांची. दिवसातून मोजक्या फेऱ्या, काही मार्गांवर आठवड्यातले ठरावीक दिवस. एक फेरी रद्द झाली तर तासाभरानं दुसरी नाही. म्हणून मुंबई-कोल्हापूर विमान मिळालं तर उत्तम, पण त्यावर सगळा हिशेब टांगू नये.

हैदराबादचा मार्ग मात्र लोक विसरतात. तिथे परदेशी आणि देशी विमानं एकाच इमारतीतून सुटतात, त्यामुळे टर्मिनल बदलण्याची भानगड नाही, आणि हैदराबादहून कोल्हापूरला थेट विमान असतं. आखातातून किंवा लंडनहून हैदराबादला येऊन पुढे यायचं, तेही एकाच तिकिटावर जमलं तर मुंबई पूर्ण टळते. कोल्हापूरचं विमान नसेल त्या दिवशी बेळगाव पाहावं. सांबऱ्याहून कोल्हापूर दोन-अडीच तास. गोव्याचं मोपा आंबोली किंवा आजऱ्याच्या वाटेनं चार तासांच्या आत-बाहेर. पुण्याच्या लोहगावला परदेशी विमानं थोडी, पण तिथे उतरलं की बोरघाट मागे पडलेला असतो.

रेल्वेचं वेळापत्रक दोन टोकांचं आहे. कोयना एक्सप्रेस मुंबईहून सकाळी सुटून रात्री कोल्हापुरात पोचते. महालक्ष्मी रात्री आठनंतर सुटून सकाळी सातच्या पुढेमागे. युरोप-आखातातली बरीचशी विमानं मुंबईत मध्यरात्र ते पहाट या वेळात उतरतात, तेव्हा दोन्ही गाड्या हाताशी नसतात. ट्रॅव्हल्सच्या स्लीपर बसही संध्याकाळी-रात्री सुटून गेलेल्या असतात. दुपारी उतरणाऱ्याला मात्र महालक्ष्मी सोयीची. सीएसएमटीपर्यंत निवांत जाता येतं, झोप मिळते, आणि सकाळी शाहू टर्मिनसवर उतरल्यावर पंचगंगा घाट दहा-पंधरा मिनिटांवर.

उरला रस्ता, आणि रात्री उतरलेल्याला खरा पर्याय तोच. द्रुतगती मार्ग, पुण्याचा वळसा, मग खंबाटकी.  पुढे सातारा ते कागल महामार्गाचं सहापदरीकरण गेली काही वर्षं चालू आहे. जागोजागी सेवा रस्त्यावर उतरावं लागतं, कराडजवळ उड्डाणपुलाच्या कामानं आणखी वेळ खाल्ला. किणीचा टोल गेला की घरच्यांना फोन करायला हरकत नाही. त्याआधी सांगितलेली वेळ सहसा खरी ठरत नाही. शनिवारी सकाळी मुंबईतून बाहेर पडायचं असेल, तर बोरघाटासाठी दोन तास जादा धरा.

रस्त्याच्या बाबतीत कोल्हापुरातली एक रीत मला मुळीच पटत नाही. मुलाला आणायला घरची गाडी जाते. चुलतभाऊ किंवा गल्लीतला ड्रायव्हर दिवसभर घरातल्या धावपळीत राबलेला असतो; तो संध्याकाळी निघतो, मध्यरात्री मुंबईत पोचतो, विमानाच्या उशिरामुळे तीन-चार तास गाडीत अवघडून पडतो आणि तसाच उलट्या पावली आठ तास गाडी हाकतो. मागच्या सीटवर तीस तासांचा जागा, रडून दमलेला मुलगा. ज्या घरात एक मयत झाली आहे त्या घरानं हा धोका का पत्करावा? मुंबईची किंवा पुण्याची गाडी, ताज्या दमाच्या ड्रायव्हरसह, आधीच ठरवून ठेवावी. घरचं कुणी जायचंच असेल तर सोबत दुसरा चालक हवा. आपला माणूस समोर दिसला की बरं वाटतं हे खरं. ते काम किणी टोलनाक्यावरही होऊ शकतं.

पावसाळ्यात यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. 26 जुलै 2019 च्या रात्री मुंबईहून सुटलेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि नौदलाच्या मदतीनं हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींतून बाहेर काढलं गेलं, आणि त्यांच्यासाठी कल्याणहून विशेष गाडी सोडावी लागली. त्याला दहा-बारा दिवस होतात न होतात तोच पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर चढलं आणि कोल्हापूरचा रस्ता अनेक दिवस बंद राहिला. जुलै 2021 मध्ये पुन्हा तेच. राजाराम बंधाऱ्यापाशी 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी. हे आकडे कोल्हापुरातल्या लहान पोरालाही पाठ असतात. परदेशातून निघणाऱ्यानं जुलै-ऑगस्टात तिकिटाआधी तो आकडा विचारावा. पाणी 43 च्या दिशेनं चढत असेल तर मुंबईऐवजी बेळगावकडून, दक्षिणेच्या बाजूनं यायचं बघावं.

आता पुन्हा त्या पहिल्या प्रश्नाकडे: थांबायचं काय?

थांबायची सोय असते. सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा खासगी हॉस्पिटलात शीतगृह मिळतं, काही संस्था घरी शीतशवपेटी देतात. सोय आहे म्हणून थांबत राहायचं का, हे मात्र घरानं आधी ठरवावं. माझं मत सांगतो. येणाऱ्यानं सगळ्यांत वाईट वेळ सांगावी, चांगली नाही. वर मांडलेली बेरीज करावी, तिच्यात सहा तास मिळवावेत आणि तो आकडा द्यावा. घरानं त्यावर एक वेळ पक्की करावी, समजा उद्या संध्याकाळी पाच, आणि ती उलटली तर निघावं. येणाऱ्यालाही तसं स्पष्ट सांगावं, म्हणजे तो ड्रायव्हरच्या मागे लागत नाही. बोलणारा माणूस एकच असावा. दर अर्ध्या तासाला सहा जणांनी "कुठंवर आलास?" विचारण्यापेक्षा फोनवरचं लाइव्ह लोकेशन एकाकडे देऊन ठेवावं.

दुसरं म्हणजे, उशिरा येणाऱ्याला आपल्या रीतींत जागा आहे. भडाग्नी थोरल्या मुलानंच द्यायला हवा असं नाही. पुतण्या देतो, मुलगी देते, जो हजर आहे तो देतो. पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका दहनाचा खर्च घेत नाही. होळीच्या सुमारास गावोगावचे लोक शेणी दान करतात त्या तिथे वापरल्या जातात. पूर आला आणि पंचगंगेचं स्मशान पाण्याखाली गेलं, तर कसबा बावडा किंवा कदमवाडीकडे न्यावं लागतं. येणाऱ्याला तसं कळवायला विसरू नये, नाही तर तो थेट घाटावर जाऊन उभा राहतो. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, कधी दुसऱ्याच, रक्षाविसर्जन. कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत निधनवार्तेच्या शेवटच्या ओळीत त्याची वेळ छापलेली असते, आणि गावोगावचे पाहुणे प्रत्यक्षात त्यालाच येतात. दहनाला जे शे-दीडशे असतात ते रक्षाविसर्जनाला दुप्पट होतात. अमेरिकेहून येणाऱ्यानं दहन गाठायची धडपड करण्यापेक्षा हे गाठायचं ठरवलं तर त्याला झोपून, आंघोळ करून, माणसांत उभं राहता येतं. अनेक गावांत हल्ली रक्षा नदीत न सोडता शेतात खड्डा घेऊन त्यात टाकतात आणि वर झाड लावतात. तिथे तर थोडी रक्षा राखून ठेवून आणखी दोन दिवस थांबणंही जमतं. तेही हुकलं तर दहावा आहे, तेरावा आहे.

व्हिडिओ कॉलवर अंत्यदर्शन घ्यावं का, यावर घराघरांत वाद होतात. विमानतळावर बसलेल्या माणसाला गर्दीत, कानात इअरफोन घालून ते पाहावं लागतं. काहींना त्यानं धीर येतो, काहींचा सुटतो. त्याला विचारावं, न विचारता फोन लावून चेहऱ्यापुढे धरू नये.

परतीचा प्रवास याच वाटेनं उलटा, पण घाई उरलेली नसते, आणि म्हणून तिथे वेगळीच चूक होते. तिकीट काढताना परतीची तारीख बदलता येईल असंच घ्यावं; तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीचं पक्कं तिकीट घेतलेला माणूस मागे राहिलेल्या आईला काय सांगणार? निरोप घरीच घ्यावा. आपल्या विमानतळांवर तिकिटाशिवाय आत जाता येत नाही आणि टर्मिनल दोनच्या दारात गाडी चार मिनिटं उभी राहिली तरी शिट्टी वाजते, तेव्हा आईला पावणेचारशे किलोमीटर नेऊन शिट्टीच्या तालावर निरोप देण्यात अर्थ नाही. विमान मध्यरात्रीचं असेल तर सकाळीच कोल्हापूर सोडावं. पावसाळ्यात आदल्या रात्रीची महालक्ष्मी धरून मुंबईत एक दिवस हाताशी ठेवावा.

आणि निघण्याआधी सह्या. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत व्हायला हवी. दाखल्याच्या पाच-सहा प्रती काढून घ्याव्यात, कारण बँक, विमा, पेन्शन, प्रत्येक जण एक प्रत ठेवून घेतो. वारस नोंद, बँकेचे अर्ज, कुलमुखत्यारपत्र, जिथे जिथे परदेशी जाणाऱ्याची सही लागणार तिथली ती इथे असतानाच उरकावी. एकदा तो विमानात बसला की त्याच सहीसाठी त्याला तिकडच्या भारतीय वकिलातीत तारीख घेऊन जावं लागतं, आणि कागद कुरिअरनं कोल्हापूरला यायला त्याच्यापेक्षा जास्त दिवस लागतात.